डेस्कटॉप वनड्राइव्हमध्ये गेला, आता काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० किंवा ११ असलेला घरचा लॅपटॉप, त्यावर मायक्रोसॉफ्टचं वैयक्तिक खातं आणि घड्याळाशेजारी बसलेलं वनड्राइव्हचं (म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीचं, क्लाउडचं) ढगाचं चिन्ह, अशी ज्यांची मांडणी आहे त्यांच्यासाठी हे पान आहे. मेनूंची नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतात तशीच देवनागरीत लिहिली आहेत. विंडोजच्या आवृत्तीप्रमाणे एखादं बटण इकडचं तिकडे झालेलं दिसेल. ‘सगळ्या फाइली गेल्या’ अशा घाबरलेल्या अवस्थेत इथे आला असाल तर आधी एक करा: काहीही डिलीट करू नका. मग पाचव्या प्रश्नावर जा.

१. मी तर काहीच केलं नाही. मग माझा डेस्कटॉप वनड्राइव्हमध्ये गेला कसा?

तीन वाटा असतात. पहिली, नवा लॅपटॉप सुरू करताना. इंटरनेट जोडून मायक्रोसॉफ्ट खात्याने विंडोज ११ सुरू केलं की फोल्डर बॅकअप बऱ्याचदा आपोआप चालू होतो. २०२४ पासून तर स्पष्टपणे न विचारताच तो चालू झाल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. दुसरी वाट म्हणजे मधूनमधून उगवणारी ‘तुमच्या फाइली सुरक्षित करा’ छापाची खिडकी. तिच्यातलं निळं बटण मोठं असतं आणि ‘नको’ म्हणायची जागा फिकट. लॅपटॉप दुकानदाराने चालू करून दिला असेल तर त्याने ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत ते दाबलेलं असतं. तिसरी वाट विंडोज १० वाल्यांची. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार (सपोर्ट) संपला, आणि सुरक्षा अपडेटची वर्षभराची मुदतवाढ फुकट मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे विंडोज बॅकअप चालू करणं. त्यासाठी सेटिंग्ज सिंक केल्या, म्हणजे क्लाउडशी जुळत्या ठेवल्या, तरी भागत होतं, पण त्याच पडद्यावर फोल्डरही चालू ठेवून पुढे गेलेले पुष्कळ आहेत.

तुमच्याकडे काय झालंय ते पाहायला अर्धा मिनिट पुरतो. डेस्कटॉपवरच्या एखाद्या फाइलवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा आणि लोकेशनची ओळ वाचा. ‘युजर्स’, मग तुमचं नाव, मग लगेच ‘डेस्कटॉप’ असेल तर सगळं जुन्या जागी आहे. मध्ये ‘वनड्राइव्ह’ हा शब्द दिसला तर फोल्डर हलला आहे.

२. हलला म्हणजे? क्लाउडवर नुसती कॉपीच गेली ना?

नाही. सगळे घोटाळे इथूनच सुरू होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘बॅकअप’ म्हटलं की आपण समजतो, मूळ फाइल जागच्या जागी आणि तिची एक प्रत दुसरीकडे. वनड्राइव्हचा फोल्डर बॅकअप तसा चालत नाही. तो आधी तुमचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स (आणि नव्या आवृत्त्यांत म्युझिक, व्हिडिओज) हे फोल्डरच उचलून लॅपटॉपवरच्या वनड्राइव्ह फोल्डरच्या पोटात नेतो. विंडोजला सांगतो, ‘यापुढे डेस्कटॉप म्हटलं की इथे बघ.’ मग तो वनड्राइव्ह फोल्डर क्लाउडशी जोडलेला ठेवतो. पडद्यावर काहीच बदललेलं दिसत नाही, त्याच चिन्हांचा तोच पसारा. पण फोल्डरचा पत्ता बदललेला असतो.

जुना पत्ता पाठ असलेल्या सगळ्यांना त्याचा फटका बसतो. स्कॅनरचं सॉफ्टवेअर जुन्या डॉक्युमेंट्समध्ये फाइल टाकत राहतं आणि तुम्ही नव्यात शोधता. एक्सेलच्या एका फाइलमधून दुसऱ्या फाइलला दिलेले दुवे तुटतात. डीटीपीवाल्यांच्या पत्रिकेत जोडलेले फोटो ‘सापडत नाही’ म्हणतात. यात सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं, पाहुण्याला जुना पत्ता दिलेला असतो इतकंच.

३. फाइलशेजारी कधी ढग, कधी हिरवी टिक दिसते. त्याचा अर्थ काय?

निळी किनार असलेला ढग: फाइल फक्त क्लाउडवर आहे. लॅपटॉपवर तिचं नाव आणि चिन्ह तेवढं आहे, आत काही नाही. उघडायला गेलात की त्या क्षणी ती नेटवरून उतरते.

पांढऱ्या गोलात हिरवी टिक: फाइल सध्या लॅपटॉपवर आहे, पण जागा कमी पडली की विंडोज ती पुन्हा ढगात पाठवू शकतं.

भरीव हिरव्या गोलात पांढरी टिक: फाइल कायम लॅपटॉपवर राहील. राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडलं की हे चिन्ह येतं. याच्या उलट ‘फ्री अप स्पेस’. त्याने फाइल लॅपटॉपवरून जाते आणि ढग उरतो.

या सोयीला फाइल्स ऑन-डिमांड म्हणतात. ती २०१७ मध्ये आली आणि हल्ली आपसूक चालूच असते. २५६ जीबीच्या लॅपटॉपवर ५०० जीबीचा पसारा ‘दिसतो’ तो हिच्यामुळे. पण ज्या शाळेत रेंज नाही तिथे प्रशिक्षणाला जाऊन सरांनी लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडावा, स्लाइडच्या फाइलवर ढग असावा आणि समोर चाळीस लोक बसलेले असावेत, ही वेळ येते तीही हिच्यामुळेच. बाहेर जाण्याच्या आदल्या रात्री त्या एका फोल्डरवर ‘ऑलवेज कीप’ करून ठेवा आणि चिन्ह भरीव झालेलं डोळ्यांनी पाहून मगच लॅपटॉप मिटा.

४. ‘स्टोरेज भरलं’ असा इशारा येतोय आणि आता मेलही येईनात. दोन्हींचा संबंध आहे?

आहे. मायक्रोसॉफ्टच्या फुकट खात्यात क्लाउडची जागा ५ जीबी आहे (२०१६ पूर्वी ती १५ होती). आउटलुक डॉट कॉमच्या मेलची पेटी वेगळी असली तरी फेब्रुवारी २०२३ पासून मेलमधल्या अटॅचमेंट या ५ जीबीत मोजल्या जाऊ लागल्या. त्यामुळे डेस्कटॉपवरच्या लग्नाच्या व्हिडिओंनी जागा भरली की त्याच खात्याचा मेल येणं-जाणं थांबतं. ज्यांच्या बँकेला किंवा नोकरीच्या अर्जात तो मेल दिलेला आहे त्यांनी हे आजच्या आज सोडवावं. कोटा ओलांडलेल्या अवस्थेत सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलं तर फाइली काढून टाकण्याची मुभाही कंपनीने अटींत ठेवलेली आहे.

लगेच पैसे भरू नका. आधी वनड्राइव्हच्या वेबसाइटवर सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ बघा, जागा कशाने खाल्ली ते तिथे कळतं. बहुतेकांच्या बाबतीत गुन्हेगार दोनच: व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवून डेस्कटॉपवर टाकलेले व्हिडिओ, आणि मोबाइलमधल्या वनड्राइव्ह अ‍ॅपने गुपचूप चढवलेले कॅमेऱ्याचे फोटो. दुसरा असेल तर मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये कॅमेरा बॅकअप बंद करा, नाहीतर इकडे उपसाल आणि तिकडून भरत राहील.

मोठ्या फाइली आधी वनड्राइव्हच्या बाहेर, म्हणजे डी ड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. तिथे उघडून बघा. मग वनड्राइव्हमधून काढा. हा क्रम उलटा करू नका.

पैसे भरायचेच ठरलं तर १०० जीबीचा छोटा प्लॅन, १ टीबीचा वैयक्तिक प्लॅन आणि सहा जणांपर्यंत प्रत्येकी १ टीबी देणारा फॅमिली प्लॅन असे पर्याय आहेत. पुढे प्लॅन बंद केला तर कोटा पुन्हा ५ जीबीवर येतो. फाइली दिसतात, उतरवता येतात, पण नवीन काही चढत नाही. आयुष्यभराच्या वर्गणीला तयार असाल तरच त्या टीबीवर घर बांधा.

५. मला हा फोल्डर बॅकअप नकोच आहे. बंद केला आणि डेस्कटॉप रिकामा झाला! फाइली कुठे गेल्या?

कुठेही गेल्या नाहीत. फोल्डरचा पत्ता पुन्हा जुना झाला, फाइली मात्र वनड्राइव्हच्या पोटातच राहिल्या. फाइल एक्सप्लोरर उघडा, डावीकडे वनड्राइव्हवर क्लिक करा, आत ‘डेस्कटॉप’ नावाचा फोल्डर असेल. सगळं तिथे आहे. रिकाम्या डेस्कटॉपवर ‘व्हेअर आर माय फाइल्स’ नावाचा शॉर्टकटही अनेकदा सोडलेला असतो, तो तिथेच नेतो. काही नव्या आवृत्त्या बंद करतानाच विचारतात की फाइली कुठे ठेवायच्या. तिथे लॅपटॉपचा पर्याय दिसला तर तो घ्या.

अजून बंद केला नसेल तर शांतपणे या क्रमाने करा.

आधी लॅपटॉपवर पुरेशी जागा आहे का बघा. मग वनड्राइव्ह फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा आणि सगळे ढग जाऊन भरीव टिका येईपर्यंत थांबा. नेट मंद असेल तर रात्रभर लागेल, लागू द्या. ही पायरी टाळून पुढे गेलेल्यांनाच नंतर ‘नाव आहे पण उघडत नाही’ अशा फाइली भेटतात.

मग बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक पूर्ण कॉपी काढा.

त्यानंतर घड्याळाशेजारच्या ढगावर क्लिक, दातेरी चाक, ‘सेटिंग्ज’, ‘सिंक अँड बॅकअप’, ‘मॅनेज बॅकअप’. जो फोल्डर नको त्याचं बटण बंद करा. डेस्कटॉप रिकामा दिसला तर वनड्राइव्हमधल्या डेस्कटॉप फोल्डरमधून सगळं निवडून खऱ्या डेस्कटॉपवर न्या. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सचंही तसंच. शेवटी पहिल्या प्रश्नात सांगितलेली लोकेशनची ओळ पुन्हा वाचा. तिच्यात ‘वनड्राइव्ह’ नसेल तर काम झालं.

क्लाउडवरची साफसफाई यानंतर, आधी नाही.

६. क्लाउडवरची ‘जादा कॉपी’ मी वेबसाइटवरून डिलीट केली, तर लॅपटॉपवरूनही गेली. परत येईल का?

या पानावरचा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न बहुधा हाच. ती जादा कॉपी नव्हती, तीच फाइल होती. विहीर एकच आणि रहाट दोन. कुठल्याही बाजूने उपसा, पाणी तेच कमी होतं.

वेळेत आलात तर परत येते. वनड्राइव्हच्या वेबसाइटवर जा, डावीकडे ‘रिसायकल बिन’ उघडा, फाइली निवडून ‘रिस्टोअर’ दाबा. त्या मूळ फोल्डरमध्ये परत जातात आणि थोड्या वेळाने लॅपटॉपवरही दिसतात. वैयक्तिक खात्यात ही मुदत ३० दिवसांची, ऑफिस किंवा कॉलेजच्या खात्यात सहसा ९३ दिवसांची असते. लॅपटॉपच्या स्वतःच्या रिसायकल बिनमध्येही एक नजर टाका.

फाइल आहे पण आतला मजकूर चुकून पुसला गेलाय, असं असेल तर वेबसाइटवर त्या फाइलवर राइट क्लिक करून ‘व्हर्जन हिस्टरी’ बघा. वैयक्तिक खात्यात मागच्या २५ आवृत्त्या राहतात. सोसायटीच्या हिशोबाच्या एक्सेलवर कुणी चुकीचा महिना चढवून सेव्ह केलं, अशा वेळी ही सोय सोन्यासारखी आहे. वर्गणी भरणाऱ्यांना संपूर्ण वनड्राइव्ह मागच्या ३० दिवसांतल्या एखाद्या तारखेला परत नेता येतं.

७. मग सिंक चालू आहे म्हणजे बॅकअप आहे, असं समजायचं की नाही?

लॅपटॉप चोरीला गेला, पाण्यात पडला, हार्ड डिस्क मेली, तर हो, उपयोग होतो आणि मोठा होतो. तुम्ही स्वतः डिलीट केलं, घरातल्या कुणी केलं किंवा रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फाइली अडवणाऱ्या व्हायरसने) त्या कुलूपबंद केल्या, तर तेही तितक्याच इमानाने क्लाउडवर पोचतं. महिन्याभरात लक्षात आलं तर वरच्या सोयी आहेत, नंतर नाहीत. खातंच हातातून गेलं, पासवर्ड हॅक झाला किंवा जुना मोबाइल नंबर बंद झाल्याने ओटीपी येईना, तर दोन्ही बाजू एकदम अडतात.

म्हणून जुना नियम अजून चालतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. वनड्राइव्ह ही घराबाहेरची प्रत झाली. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा तरी जोडून कॉपी काढा आणि काढून कपाटात ठेवा. सतत जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरला लॅपटॉपइतकीच हाताशी असते.

८. तुम्ही स्वतः कोणते फोल्डर चालू ठेवाल?

फुकट खातं असेल तर फक्त डॉक्युमेंट्स. त्यात बहुधा वर्ड, एक्सेल, पीडीएफ असतात, ५ जीबीत वर्षानुवर्षं मावतात. डेस्कटॉप बंद, कारण आपल्या लोकांचा डेस्कटॉप म्हणजे माळा असतो. ‘पत्रिका फायनल’, ‘पत्रिका फायनल २’, ‘पत्रिका प्रिंटला दिलेली’, एका सिनेमाची फाइल आणि प्रिंटर ड्रायव्हर, सगळं तिथेच. पिक्चर्सही बंद. फोटोंना वेगळी सोय लागते, ५ जीबीत त्यांचं भागत नाही.

१ टीबीचा प्लॅन असेल तर तिन्ही चालू ठेवायला हरकत नाही, पण वर सांगितलेली हार्ड डिस्क हवीच.

वर्ड-एक्सेल नवी फाइल थेट क्लाउडवर सेव्ह करायला सांगत असेल तर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ इथे ‘सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डिफॉल्ट’ला टिक करा.

९. आमच्या दोघांच्या लॅपटॉपवर एकच खातं आहे. माझ्या डेस्कटॉपवर मिसेसच्या फाइली आल्या आहेत!

एकाच खात्याने दोन लॅपटॉपवर डेस्कटॉपचा बॅकअप चालू केला की दोन्ही डेस्कटॉपची खिचडी होते. जी सॉफ्टवेअर तुमच्याकडे नाहीत त्यांची पांढरी, न उघडणारी चिन्हंही येतात. कंटाळून तुम्ही ती डिलीट केलीत की तिकडून विचारणा होते, ‘माझ्या डेस्कटॉपला हात कुणी लावला?’

खरा उपाय म्हणजे प्रत्येकाचं वेगळं खातं. तेवढं करायचं नसेल तर निदान एका लॅपटॉपवर डेस्कटॉपचा बॅकअप बंद करा, पाचव्या प्रश्नातल्या क्रमाने. मुलगा परदेशात आणि आईबाबा इकडे, दोघांकडे एकच खातं, ही मांडणीही हल्ली खूप दिसते. कागदपत्रांसाठी असेल तर खातं वाटून घेण्याऐवजी एक फोल्डर ‘शेअर’ करा. मुलाने तिकडे स्वतःची जागा साफ केली म्हणून बाबांची पेन्शनची कागदं गेली, असं मग होत नाही.

१०. टॅलीचा डेटा आणि आउटलुकची फाइल वनड्राइव्हमध्ये ठेवली तर चालेल का?

चालू डेटा ठेवू नका. टॅलीसारखं सॉफ्टवेअर दिवसभर आपल्या अनेक फाइली उघड्या ठेवून त्यांत लिहीत असतं. सिंकवाला त्यातली एक आत्ता उचलतो, दुसरी दोन मिनिटांनी. क्लाउडवर जाते ती अर्धी जुनी, अर्धी नवी अशी अवस्था, आणि ती परत उतरवलीत तर हिशोब उघडेलच याची खात्री नाही. टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि तयार झालेली फाइल वनड्राइव्हमध्ये टाका. तो सुरक्षितही असतो आणि तारीखवार राहतो.

जुन्या आउटलुकची पीएसटी फाइल (मेल साठवणारी) डॉक्युमेंट्समध्येच ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरात बसते, त्यामुळे डॉक्युमेंट्स चालू केलं की तीही ओढली जाते. कित्येक जीबीची फाइल आणि प्रत्येक मेलबरोबर बदलणारी; सिंकला दिवसभर तेवढंच काम. ती वनड्राइव्हबाहेर काढा. मायक्रोसॉफ्टचाही सल्ला तोच आहे.

११. सिंक चालू झालं की नेट संपतं आणि लॅपटॉप रखडतो.

गणित करून बघा. तुमच्याकडे ४० जीबी आहे आणि अपलोडचा वेग २० एमबीपीएस. सगळं सुरळीत चाललं तर साडेचार तासांच्या आसपास लागतील. वेग २ असेल तर ४४ तास. आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, दिवसाला दीड जीबीच्या पॅकमध्ये, दुसरं काहीही न करता २७ दिवस! जाहिरातीत सांगतात तो डाउनलोडचा वेग असतो. अपलोड वेगळा मोजून बघा.

हॉटस्पॉट वापरत असाल तर विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये त्या जोडणीला ‘मीटर्ड’ (मोजून मिळणारं नेट) करा, वनड्राइव्ह मग आपण होऊन थांबतं. ऑनलाइन मीटिंगपुरतं थांबवायचं तर दातेरी चाकातून ‘पॉझ सिंकिंग’, २, ८ किंवा २४ तासांसाठी. कायमचा वेग बांधून द्यायचा असेल तर सेटिंग्जमध्ये अपलोड-डाउनलोडची मर्यादा घालता येते.

१२. काही फाइलींवर लाल फुली येते. मराठी नावांमुळे का?

मराठी नावं चालतात. अडचण बहुधा नावातल्या खुणांची किंवा लांबीची असते. तिरकी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरण, उभी रेघ, कोनी कंस या खुणा चालत नाहीत. विंडोज त्या घेतच नाही, पण मॅकवरून आलेल्या फाइलींत ‘बैठक जूनमध्ये?’ असं नाव असू शकतं.

लांबीचं मात्र मराठीला जरा जड जातं. वनड्राइव्हमध्ये सगळ्या फोल्डरांसकट पूर्ण पत्ता ४०० अक्षरांत बसावा लागतो, आणि विंडोजवरची जुनी सॉफ्टवेअर २६० लाच अडखळतात. यात काना, मात्रा, वेलांटी, पायमोडकं चिन्ह असं सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं, संगणक सहा मोजतो. ‘ग्रामपंचायत ठराव २०२४-२५’च्या आत ‘स्त्री सक्षमीकरण प्रस्ताव अंतिम मंजुरीसाठी’ आणि त्याच्या आत तसंच आणखी एक, असे चार-पाच मजले चढले की मर्यादा येते. फोल्डर वरच्या वर ठेवा, नावं आखूड करा.

फाइलच्या नावापुढे लॅपटॉपचं नाव चिकटून दुसरी फाइल तयार झाली असेल, तर ती वेगळी भानगड: एकच फाइल दोन ठिकाणी एकाच वेळी बदलली गेली आणि वनड्राइव्हने दोन्ही राखल्या. दोन्ही उघडून बघा, मगच एक काढा.

१३. आधार, सातबारा, खरेदीखत क्लाउडवर ठेवणं कितपत सुरक्षित?

फाइली जाता-येता आणि तिकडे साठवताना कुलूपबंद असतात, पण किल्ली कंपनीकडे असते. नेहमीचा धोका मात्र त्याहून साधा आहे: तुमचा पासवर्ड कुणाला तरी कळणं. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, बाकी चर्चा नंतर.

वनड्राइव्हमध्ये ‘पर्सनल व्हॉल्ट’ नावाचा वेगळा कप्पा आहे, तो उघडायला पुन्हा ओळख पटवावी लागते. फुकट खात्यात त्यात तीनच फाइली बसतात. घरातल्या सगळ्यांची ओळखपत्रं एका पीडीएफमध्ये घेतलीत की एका फाइलीत काम होतं. ज्यांना कंपनीवरही विसंबायचं नाही त्यांनी क्रिप्टोमेटरसारख्या सॉफ्टवेअरने आधी कुलूप लावून मग फाइली चढवाव्यात. त्याचा पासवर्ड विसरलात तर मग कुणीच काही करू शकत नाही.

जाता जाता: आधार, पॅन, वाहन परवाना डिजिलॉकरमधून केव्हाही मिळतात, सातबारा ऑनलाइन पुन्हा काढता येतो. आजोबांच्या नावाचं जुनं खरेदीखत आणि भाऊबंदांतलं वाटणीपत्र यांच्या स्कॅनची काळजी जास्त घ्या.

१४. झेरॉक्सच्या दुकानात वनड्राइव्ह उघडून प्रिंट काढली तर?

ब्राउझरमधून खासगी (इनकॉग्निटो) खिडकीत उघडा, प्रिंट झाल्यावर साइन आउट करा, उतरवलेली फाइल डाउनलोड्समधून आणि रिसायकल बिनमधूनही काढा. त्या कॉम्प्युटरवरच्या वर्डमध्ये किंवा वनड्राइव्ह अ‍ॅपमध्ये साइन इन करू नका. विचारलंच तर ‘फक्त या अ‍ॅपपुरतं’ असा पर्याय घ्या, नाहीतर तुमचं खातं त्या विंडोजला चिकटतं.

१५. ऑफिसच्या लॅपटॉपवर घरचे फोटो आहेत. तेही वर गेले का?

पिक्चर्स किंवा डेस्कटॉपवर असतील तर बहुधा हो, आणि ते कंपनीच्या खात्यात गेले. अनेक कंपन्या हे फोल्डर कर्मचाऱ्याला न विचारता वळवतात. तिथे बंद करायचं बटण तुमच्या हातात नसतं. नोकरी सोडल्यावर खातं बंद होतं आणि काही दिवसांनी आतलं सगळं जातं. राजीनामा द्यायच्या आधी घरचं ते घरी न्या. कंपनीचं नेऊ नका.

१६. वनड्राइव्ह सरळ अनइन्स्टॉल केलं तर?

करता येतं, ‘सेटिंग्ज’मधल्या ‘अ‍ॅप्स’ यादीतून. पण फोल्डर बॅकअप बंद न करता ते काढलंत तर डेस्कटॉपचा पत्ता वनड्राइव्ह फोल्डरातच अडकून राहतो आणि ढगवाल्या फाइली उघडत नाहीत. पाचव्या प्रश्नातला क्रम पूर्ण करा, मग ‘अकाउंट’मधून ‘अनलिंक धिस पीसी’, मग अनइन्स्टॉल. क्लाउडवरच्या फाइली याने जात नाहीत, वेबसाइटवर तशाच राहतात.

नुसता एखादा फोल्डर लॅपटॉपवर नको असेल तर अनइन्स्टॉलपर्यंत जाऊ नका. ‘चूज फोल्डर्स’मध्ये त्याची टिक काढा, तो लॅपटॉपवरून जातो, क्लाउडवर राहतो.

१७. मी गुगल ड्राइव्ह वापरतो, घरात एक मॅकही आहे. तिथेही असंच आहे का?

थोडं वेगळं. गुगल ड्राइव्हचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर तुम्ही निवडलेला फोल्डर जागेवरून हलवत नाही, तिथूनच सिंक करतं. पत्ता बदलण्याची भानगड तिथे नाही. डिलीट दोन्हीकडून होण्याची मात्र आहे. १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून आहे, आणि कचरापेटी रिकामी करेपर्यंत जागा सुटत नाही. त्याच्या सेटिंगमधलं ‘स्ट्रीम’ म्हणजे फाइली क्लाउडवर, ‘मिरर’ म्हणजे दोन्हीकडे.

मॅकवर आयक्लाउडचं ‘डेस्कटॉप अँड डॉक्युमेंट्स’ २०१६ पासून आहे आणि वागणूक वनड्राइव्हच्या सख्ख्या भावासारखी. बंद केलं की डेस्कटॉप रिकामा, फाइली आयक्लाउड ड्राइव्हमध्ये. फुकट जागा तिथेही ५ जीबीच. ड्रॉपबॉक्सच्या फुकट खात्यात २ जीबी आणि तीन उपकरणं.

एकाच डॉक्युमेंट्स फोल्डरवर वनड्राइव्ह आणि गुगल ड्राइव्ह दोन्ही सोडू नका. दोघेही एकमेकांनी केलेले बदल तुमचे समजून पुन्हा चढवत बसतात.

१८. जुना लॅपटॉप विकायचा आहे.

सिंक पूर्ण झालंय ना ते ढगाच्या चिन्हावर बघा, हार्ड डिस्कवर कॉपी घ्या, ‘अनलिंक धिस पीसी’ करा. मग विंडोजच्या ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा आणि ड्राइव्ह स्वच्छ करण्याचा पर्यायही चालू ठेवा. ‘आधी वनड्राइव्हमधलं सगळं डिलीट करू, मग विकू’ असं करू नका. ते क्लाउडवरूनही जाईल. शेवटी दुसऱ्या उपकरणावरून मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर जाऊन ‘डिव्हाइसेस’च्या यादीतून तो लॅपटॉप काढून टाका.